जीवशास्त्र अडलं की आधी मोजा

माणसाच्या पेशीत गुणसूत्रं किती, या प्रश्नाचं उत्तर आज शाळकरी मुलंही देतात: ४६. पण १९२३ मध्ये थिओफिलस पेंटर या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली मोजदाद करून ४८ हा आकडा दिला आणि पुढची तीसहून अधिक वर्षं पाठ्यपुस्तकं तोच छापत राहिली. पेंटरच्या स्लाइडवर गुणसूत्रांचा गुंता होता, एकावर एक चढलेली गुणसूत्रं वेगळी ओळखणं अवघड होतं. १९५५ च्या अखेरीस स्वीडनमधल्या लुंड इथे जो-हिन चियो आणि आल्बर्ट लेव्हान यांनी पेशी आधी पातळ द्रावणात फुगवल्या. त्यामुळे गुणसूत्रं सुटी झाली, पसरली आणि मोजता आली. ती ४६ भरली. १९५६ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

तीस वर्षं चाललेली चूक सुटली ती नीट मोजल्यामुळे. बीएस्सीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातले बहुतेक अडलेले प्रश्नही तसेच सुटतात. मायटोसिस आणि मायोसिस यांत गोंधळ होतो, पाणी पेशीत जाणार की बाहेर येणार ते ठरत नाही, एका ग्लुकोजपासून एटीपी ३८ की ३२ हे कळत नाही, आनुवंशिकतेची गणितं सुटत नाहीत. वर्ग कुठलाही असो, प्रश्न साधारण हेच असतात. बारावीपर्यंत जीवशास्त्र पाठांतरावर निभावून गेलेलं असतं, त्यामुळे अडलं की विद्यार्थी तोच परिच्छेद पुन्हा वाचतात. खरं तर अशा वेळी पुस्तक मिटून कोरा कागद घ्यावा आणि मोजायला लागावं. गुणसूत्रं किती, कार्बनचे अणू किती, पाण्याची दिशा कुठली, जनुकाच्या कामाच्या प्रती किती, हे मांडत गेलं की जिथे आकडा जुळत नाही तिथेच नेमकं काय समजलेलं नाही ते सापडतं.

सुरुवात पेशीविभाजनापासून करू, कारण सगळ्यात जास्त गुण तिथेच जातात आणि तो भाग सुधारणं सगळ्यात सोपं आहे. प्रयोगशाळेत कांद्याच्या मुळाची स्लाइड प्रत्येक जण करतो. कांद्यात गुणसूत्रं १६, म्हणजे आठ जोड्या. हा आकडा माणसाच्या ४६ पेक्षा कागदावर हाताळायला सोयीचा आहे, म्हणून सराव कांद्यावरच करावा. मोजायचा नियम एकच: जितके सेंट्रोमिअर तितकी गुणसूत्रं. एका गुणसूत्राला दोन क्रोमॅटिड असोत की एक, सेंट्रोमिअर एक असेल तर गुणसूत्र एकच धरायचं.

आता हा नियम लावून बघा. विभाजनाआधी डीएनएची दुप्पट होते, पण सेंट्रोमिअर अजून वेगळे झालेले नसतात. म्हणून गुणसूत्रं १६च राहतात, क्रोमॅटिड मात्र ३२ होतात. मेटाफेजमध्ये हीच १६ गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर येतात. ॲनाफेजमध्ये सेंट्रोमिअर सुटतात आणि क्षणभर एका पेशीत ३२ गुणसूत्रं असतात. इथेच अनेकांचा हात अडखळतो, कारण ‘मायटोसिसमध्ये संख्या कायम राहते’ हे वाक्य पाठ असतं आणि ३२ हा आकडा त्यात बसत नाही. वाक्य बरोबरच आहे, पण ते शेवटी तयार होणाऱ्या दोन पेशींबद्दल आहे. मधल्या प्रत्येक टप्प्याला ते लावायचं नसतं.

मायोसिसमध्ये पहिल्या मेटाफेजला १६ गुणसूत्रं आठ जोड्यांनी उभी राहतात. पहिल्या ॲनाफेजला जोडीतली गुणसूत्रं एकमेकांपासून दूर होतात, सेंट्रोमिअर सुटत नाहीत. त्यामुळे प्रत्येक ध्रुवाकडे आठ गुणसूत्रं जातात, पण त्या प्रत्येकाला दोन क्रोमॅटिड असतात. म्हणजे गुणसूत्रं आठ आणि डीएनएचे रेणू १६. दुसऱ्या विभाजनात सेंट्रोमिअर सुटतात आणि शेवटच्या चार पेशींमध्ये आठ-आठ गुणसूत्रं, आठ-आठ रेणू उरतात. ‘संख्या निम्मी पहिल्याच विभाजनात झाली, मग दुसरं विभाजन कशाला?’ हा प्रश्न परीक्षेत तोंडी विचारतात. त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. संख्या निम्मी झाली, तरी प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती अजून एकत्रच होत्या.

यासाठी कागदावर तीन रकाने आखावेत: टप्पा, सेंट्रोमिअर, डीएनएचे रेणू. दोन्ही विभाजनांचे सगळे टप्पे पुस्तक न बघता भरावेत. दोन-तीनदा भरल्यावर आकृत्या पाठ कराव्या लागत नाहीत, आकड्यांवरून काढता येतात.

प्रत्यक्ष स्लाइडकडे मात्र बऱ्याचदा दुर्लक्ष होतं. शिक्षकांनी दाखवलेली तयार स्लाइड बघायची, जर्नलमध्ये आकृती काढायची आणि सही घ्यायची एवढ्यावर काम संपतं. ज्यांची स्वतःची स्लाइड ‘येत नाही’, त्यांची चूक बहुतेक वेळा एका जागी असते: मूळ कापताना ते टोकापासून फार वर कापलं जातं. विभाजन टोकाच्या एक-दोन मिलिमीटर भागातच चाललेलं असतं. त्याच्या वरच्या पेशी लांबायला लागलेल्या असतात आणि तिथे कितीही शोधलं तरी मेटाफेज सापडत नाही. फिक्स केलेलं मूळ सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मऊ करून ॲसिटोकार्मिनने रंगवलं की टोकाचा भाग गडद होतो. तेवढाच ब्लेडने घ्यायचा आणि बाकीचं मूळ स्लाइडवरून काढून टाकायचं. मग कव्हर स्लिप ठेवून सुईच्या मागच्या टोकाने हलकेच ठोकायचं, वर ब्लॉटिंग पेपर धरायचा आणि अंगठ्याने सरळ खाली दाबायचं. दाबताना कव्हर स्लिप सरकली तर पेशी गुंडाळल्या जातात आणि मग गुणसूत्रांचं तेच होतं जे पेंटरच्या स्लाइडवर झालं होतं.

स्लाइड जमली की एक दृश्य दिसतं: बहुतेक पेशी इंटरफेजमध्ये असतात आणि विभाजन होणाऱ्या पेशी शोधाव्या लागतात. ‘एवढ्या कमी का?’ हा प्रश्न मुलं विचारतात, आणि प्रश्न उत्तम आहे. इथेही मोजावं. समजा, २०० पेशींपैकी २० विभाजनाच्या निरनिराळ्या टप्प्यांत आहेत. मग पेशी आपल्या आयुष्यचक्राचा सुमारे दहावा हिस्सा विभाजनात घालवते. आकृत्यांमध्ये चार टप्पे मोठे आणि इंटरफेज एका चौकटीत असतं, म्हणून इंटरफेज म्हणजे विश्रांती असा समज होतो. डीएनएची दुप्पट, प्रथिनं, पेशीची वाढ ही सगळी कामं त्याच काळात होतात.

परासरणाचा गोंधळ वेगळ्या जातीचा आहे. ऱ्हिओच्या पानाची खालची जांभळी साल काढून मिठाच्या द्रावणात ठेवली की आतला जांभळा भाग भित्तिकेपासून सुटून आकसताना दिसतो. ते बघताना सगळं पटतं. प्रश्न आकड्यांत आला की गाडी अडते. हे उदाहरण घ्या. एका वनस्पती पेशीचा विद्राव्य विभव उणे ०.८ मेगापास्कल आणि आतला दाब ०.५ मेगापास्कल आहे. ती उणे ०.५ विभव असलेल्या उघड्या द्रावणात ठेवली, तर पाणी कुठे जाईल? बरेच जण उणे ०.८ आणि उणे ०.५ यांचीच तुलना करतात आणि पाणी आत जाईल असं लिहितात. पेशीचा एकूण जलविभव मात्र दोन्हींची बेरीज करून येतो: उणे ०.८ अधिक ०.५, म्हणजे उणे ०.३. पाणी जास्त विभवाकडून कमी विभवाकडे, म्हणजे उणे ०.३ कडून उणे ०.५ कडे जातं. इथे ते पेशीबाहेर येईल. भित्तिका जो दाब देते तो हिशेबात धरला नाही म्हणून उत्तर उलटं आलं. तांबड्या रक्तपेशीला भित्तिका नसते, त्यामुळे तिथे हा दाब उभाच राहत नाही. शुद्ध पाण्यात ती फुटते, कांद्याची पेशी फुटत नाही. ०.९ टक्के मिठाचं द्रावण शिरेतून का चालतं आणि नुसतं पाणी का चालत नाही, हेही इथेच कळतं.

प्रकाशसंश्लेषणाच्या समीकरणात पाण्याचे बारा रेणू का लिहितात, सहा का नाही? दोन्ही बाजूंचे सहा-सहा रेणू कमी केले तरी समीकरण जुळतंच. याचं उत्तर ऑक्सिजनचे अणू मोजले की मिळतं. बाहेर ऑक्सिजनचे सहा रेणू पडतात, म्हणजे बारा अणू. हा ऑक्सिजन पाण्यातून येतो, हे १९४१ मध्ये सॅम्युएल रूबेन, मार्टिन कामेन आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिजनचं जड समस्थानिक वापरून दाखवलं. पाण्याच्या एका रेणूत ऑक्सिजनचा अणू एक, मग बारा अणूंसाठी रेणू बाराच लागणार. उजवीकडे जे सहा रेणू पाणी दिसतं ते नव्याने तयार झालेलं असतं.

कॅल्विन चक्रही असंच कार्बन मोजून वाचावं. पाच कार्बनच्या तीन रेणूंना कार्बन डायऑक्साइडचे तीन रेणू मिळाले की एकूण कार्बन १८ होतात. त्यातून तीन कार्बनचे सहा रेणू तयार होतात. त्यांपैकी एक बाहेर पडतो आणि उरलेल्या पाचांच्या १५ कार्बनपासून पुन्हा पाच कार्बनचे तीन रेणू बनतात. मधल्या सगळ्या संयुगांची नावं पहिल्याच दिवशी आली नाहीत तरी चालेल. चक्र का फिरत राहतं, हे या चार ओळींत समजतं. जाता जाता एक समज दूर करायला हवा: या चक्राला ‘अंधार अभिक्रिया’ म्हणतात म्हणून ती रात्री होते असं नाही. तिला लागणारी ऊर्जा प्रकाशातच तयार होते आणि बहुतेक वनस्पतींत ती दिवसाच चालते. श्वसन मात्र वनस्पतींत दिवसरात्र चालू असतं.

एटीपीच्या आकड्यावरून होणारी घालमेल समजण्यासारखी आहे, कारण एका पुस्तकात ३८ असतं, दुसऱ्यात ३६, तिसऱ्यात ३० किंवा ३२. एका ग्लुकोजमागे एनएडीएचचे १० आणि एफएडीएच-२ चे दोन रेणू मिळतात, शिवाय चार एटीपी थेट तयार होतात, एवढं सगळ्या पुस्तकांत सारखं आहे. फरक पडतो तो एका एनएडीएचमागे आणि एका एफएडीएच-२ मागे किती एटीपी धरायचे यावर. जुन्या पद्धतीत तीन आणि दोन धरतात, त्यामुळे ३० अधिक ४ अधिक ४, एकूण ३८. आज प्रोटॉन मोजून अडीच आणि दीड धरतात: एका एनएडीएचमागे दहा प्रोटॉन पटलापलीकडे जातात आणि एक एटीपी बनवून बाहेर पोचवायला सुमारे चार लागतात. मग २५ अधिक ३ अधिक ४, एकूण ३२. पेशीद्रव्यातले दोन एनएडीएच तंतुकणिकेत कोणत्या मार्गाने पोचतात त्यावर आणखी दोनाचा फरक पडतो, म्हणून ३६ आणि ३०. परीक्षेत आपल्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातलं पुस्तक जो दर धरतं तो उत्तराच्या पहिल्या ओळीत लिहावा आणि मग बेरीज करावी. दर लिहिलेला असला की आकडा कुठून आला ते तपासणाऱ्याला दिसतं.

आनुवंशिकतेकडे जास्त वेळ द्यायला हवा, कारण इथल्या चुका परीक्षेपुरत्या राहत नाहीत, घरापर्यंत जातात.

पहिली चूक ‘प्रभावी’ या कल्पनेची. प्रभावी गुण म्हणजे बलवान, चांगला किंवा जास्त लोकांत आढळणारा, असा समज खोलवर बसलेला असतो. हाताला सहावं बोट येण्याचा गुण अनेक घराण्यांत प्रभावी असतो, तरी सहा बोटांची माणसं क्वचितच दिसतात. ‘ओ’ रक्तगट अप्रभावी आहे, तरी भारतात तो भरपूर आढळतो. मेंडेलच्या वाटाण्यात प्रभावी म्हणजे काय घडत होतं, हे १९९० मध्ये जनुकाच्या पातळीवर कळलं. सुरकुतलेल्या बियांमध्ये स्टार्चला फांद्या फोडणाऱ्या एन्झाइमचं जनुक बिघडलेलं असतं. त्यामुळे साखर साठते, बी जास्त पाणी ओढून घेतं आणि वाळताना आक्रसतं. एक प्रत चांगली असली तरी बी गोल राहण्याइतकं एन्झाइम मिळतं, एवढाच ‘प्रभावी’चा अर्थ. त्याच संकरित बियांतले स्टार्चचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर ते दोन्हींच्या मधले दिसतात. म्हणजे प्रभाव कुठला हे तुम्ही काय पाहता त्यावरही ठरतं.

दुसरी चूक गुणोत्तराची. मेंडेलला ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेल्या बिया मिळाल्या, प्रमाण २.९६ ला १. सात हजारांवर बिया मोजल्या तेव्हा आकडा तीनाच्या इतका जवळ आला. चार मुलांच्या कुटुंबात तो तसा येईलच असं नाही. नंदुरबार आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत सिकलसेलचा आजार अनेक कुटुंबांच्या वाट्याला येतो. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के असते. ‘चारातलं एक आजारी असतं, पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन ठीक’ असा निष्कर्ष शिकलेली माणसंही काढतात. तो साफ चुकीचा आहे आणि त्याची किंमत एका मुलाला आयुष्यभर मोजावी लागू शकते. शक्यता दर खेपेला नव्याने २५ टक्केच असते. चारही मुलं आजारमुक्त असण्याची शक्यता काढायची तर पाऊणचा चार वेळा गुणाकार करावा: २५६ पैकी ८१, म्हणजे ३२ टक्क्यांच्या आसपास. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने हे गणित वहीबाहेरही सांगता येईल इतकं पक्कं करावं. देशात जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे, तपासणी होते आणि वाहक असल्याचं कार्ड हातात आलेल्या तरुणांना त्याचा अर्थ समजावून सांगणारी माणसं हवी आहेत.

हार्डी-वाइनबर्गचा नियम, १९०८ पासूनचा, अशाच उदाहरणाने समजतो. समजा, दहा हजारांच्या वस्तीत अप्रभावी आजाराचे शंभर रुग्ण आहेत. रुग्णाकडे बिघडलेल्या प्रती दोन, म्हणून एक टक्क्याचं वर्गमूळ काढायचं: बिघडलेल्या प्रतीचं प्रमाण ०.१, चांगलीचं ०.९. वाहक म्हणजे दोन गुणिले ०.१ गुणिले ०.९, अर्थात १८ टक्के. नियमाच्या अटी लागू धरल्या तर रुग्ण शंभर आणि वाहक अठराशे. विद्यार्थी इथे एक ठरावीक चूक करतात: रुग्णांचं प्रमाण हेच थेट जनुकाचं प्रमाण धरतात आणि वर्गमूळ विसरतात.

आणखी एक उदाहरण मुंबईचं. आई आणि वडील दोघांचा रक्तगट तपासणीत ‘ओ’ आणि मुलाचा ‘ए’, असं होऊ शकतं का? साध्या तक्त्याप्रमाणे नाही. पण १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळाच रक्तगट नोंदवला, तो आज जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ या नावाने ओळखला जातो. ‘ए’ आणि ‘बी’ हे प्रतिजन ‘एच’ नावाच्या पायावर चढतात. ज्याच्याकडे ‘एच’ जनुकाची कामाची एकही प्रत नाही, त्याच्या पेशींवर हा पायाच तयार होत नाही. मग त्याच्याकडे ‘ए’चं जनुक असलं तरी ते दिसत नाही आणि साध्या तपासणीत रक्त ‘ओ’ वाटतं. अशा वडिलांकडून ‘ए’चं जनुक आलं, आईकडून ‘एच’ची चांगली प्रत आली, की मुलाचा गट ‘ए’ होतो. म्हणून दोन जनुकांच्या गणितात आधी कुठलं जनुक कोणाच्या आधी काम करतं ते लिहावं, तक्ता नंतर मांडावा. आणि हेही लक्षात ठेवावं की बॉम्बे गटाच्या माणसाला नेहमीचं ‘ओ’ रक्त चालत नाही, कारण त्यावर ‘एच’ असतो आणि या माणसाच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडं असतात.

उरला अभ्यासाच्या पद्धतीचा प्रश्न. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कारपिकी यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर चित्र उलटलं: वाचणारे ४२ टक्क्यांवर आले, आठवून लिहिणारे ५६ वर राहिले. आदल्या रात्रीच्या वाचनाने ‘सगळं येतंय’ असं का वाटतं आणि सेमिस्टरच्या पेपरात ते का उडून जातं, याचा खुलासा यात आहे. तेव्हा आकृती बघून काढू नये. कोऱ्या पानावर आठवून काढावी, मग पुस्तकाशी ताडून चुकलेली रेघ दुसऱ्या रंगाने दुरुस्त करावी. ‘फरक स्पष्ट करा’ प्रकारच्या उत्तरात दोन्ही रकान्यांत मुद्दा एकच असावा: डावीकडे गुणसूत्रांची संख्या लिहिली तर उजवीकडेही संख्याच हवी, विभाजनाची जागा नको.

शिक्षकांना शंका विचारतानाही ही मोजणी उपयोगी पडते. ‘मॅडम, मायोसिस कळलं नाही’ एवढंच म्हटलं तर मॅडम पुन्हा पहिल्यापासून सांगतात आणि अडलेली जागा पुन्हा निसटते. त्याऐवजी कागद पुढे ठेवावा: ‘पहिल्या ॲनाफेजला आठ-आठ गुणसूत्रं गेली इथपर्यंत जमलं, पण मग रेणू सोळा कसे?’ दोन मिनिटांत उत्तर मिळतं. त्यासाठी लेक्चर संपल्यानंतरच्या गर्दीपेक्षा प्रॅक्टिकलची बॅच बरी, तिथे विद्यार्थी कमी असतात आणि सूक्ष्मदर्शकही समोरच असतो.